तीस दिवसांचा नकाशा

पोळ्याचा दिवस, सकाळचे साडेअकरा, तालुक्याच्या बसस्थानकासमोरचे मोबाइलचे दुकान. जबाबदार : दुकानदार. त्याने मला खरे उत्तर दिले, पण अर्धे दिले.

घटस्थापनेचा दिवस, पुन्हा सकाळचे साडेअकरा, एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातला लाकूडतोडीचा जुना रस्ता. जबाबदार : फोनमधल्या नकाशाची मालक असलेली कंपनी. तिचा पत्ता मला आजतागायत कागदावर मिळालेला नाही.

तोच दिवस, त्याआधी साधारण अर्धा तास, पायवाटेचा फाटा. येथील जबाबदार इसमाची नोंद मी मुद्दाम मागे ठेवली आहे. ती योग्य जागी येईल.

मी न्यायालयात बेलीफ होतो. समन्स, नोटिसा आणि जप्तीची वॉरंटे घेऊन या जंगलातल्या गावांत पायी जाणे हे माझे काम. मूळचा मी चिमूरकडचा. नोकरीने इकडे आणले आणि निवृत्तीनंतरही मी इकडेच राहिलो. बेलिफाला कायदा येत नाही, असे वकील लोक हसत म्हणत. मात्र समन्सावरची मुदत चुकली तर काय होते, हे बेलिफाइतके कोणत्याही वकिलाला ठाऊक नसते. ज्याच्या दाराशी मी एक दिवस उशिरा पोहोचलो, त्याचे शेत एकतर्फी हुकमाने गेलेले मी पाहिले आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज लिहून देऊ लागलो, तेव्हा मी प्रत्येक अर्जाच्या डोक्यावर लाल शाईने मुदतीची तारीख लिहीत असे.

या हकिकतीच्या मुळाशी असाच एक अर्ज आहे. जंगलातल्या एका माडिया आदिवासी पाड्यावरची विधवा बाई. नवऱ्याच्या मागे तीच बांधी कसते. बांधी म्हणजे आमच्याकडची भाताची खाचरे. तिच्या सासऱ्याने तोडून, बांध घालून ती जमीन केली. सासरा वारला तेव्हा त्यांच्या चालीप्रमाणे धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधाजवळ, त्याच्या नावाचा दगड उभा केला. त्या जमिनीचा वनहक्क दावा एकदा फेटाळला गेला होता, कारण कागदावर दाखवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा जुळत नव्हती. मी अपील लिहिले. फेरपाहणीचा हुकूम झाला. घटस्थापनेच्या दिवशी दुपारी बारा वाजता पथक जागेवर येईल आणि दावेदार व तिच्या प्रतिनिधीने हजर राहून जागा दाखवावी, असे त्यात म्हटले होते. प्रतिनिधी मी होतो. बाईला अंगठा उमटवता येतो, सही येत नाही. पण तो दगड तिने पथकाला हात लावून दाखवला असता तर मला एक ओळही बोलावी लागली नसती. तिला एवढेच हवे होते, की तो दगड सरकारी कागदावर यावा.

आता फोनविषयी. गुडघे गेल्यापासून आणि जंगलात नवे रस्ते निघाल्यापासून माझ्या जुन्या खुणा राहिल्या नाहीत. दोन ऐनाच्या झाडांशी उजवीकडे वळायचे, हे मला पाठ होते. आता तिथे मुरमाचा ढीग आहे. गेल्या उन्हाळ्यात मी दोनदा वाट चुकलो, आणि दोन्ही वेळा त्या पाड्यावरच्या माणसांना आपली रोजी बुडवून मला शोधायला यावे लागले. अर्ज लिहिणाऱ्याने पक्षकाराची मजुरी बुडवावी, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटली. म्हणून वाट दाखवणारा फोन घ्यायचे ठरवले.

अट एकच : महिन्याचे शुल्क भरणार नाही. ही कंजूषी नव्हे. एटापल्ली सोडून दोन वळणे घेतली की फोनची रेंज जाते आणि परत येईपर्यंत येत नाही. जी सेवा पुरवलीच जात नाही तिचे शुल्क मागणे हा कोणत्या कराराचा भाग आहे, असे मी सिमकार्डाच्या कंपनीला तीन पत्रांत विचारले होते. तिन्ही वेळा एकच उत्तर आले, आणि ते माझ्या प्रश्नाचे नव्हते.

दुकानदार मला परका नव्हता. त्याची बसस्थानकाजवळची टपरी उठवली गेली तेव्हा त्याचा अर्ज मीच लिहिला होता. पर्यायी जागा मिळाली तीही त्याच अर्जावर. त्या दिवशी रस्त्यावर शिंगे रंगवलेले, झुली पांघरलेले बैल उभे होते आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हते. मी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. उपग्रहाकडून जागा ओळखणारा भाग या फोनमध्ये स्वतःचा आहे काय? नकाशा फोनमध्ये साठून राहतो काय, की दर वेळी इंटरनेट लागते? दिशा दाखवणारे होकायंत्र आत आहे काय?

तो हसला. "काकाजी, तुमाले रिचार्ज काऊन पायजे? जागा तं वरून समजते, सॅटेलाईटवरून. त्याचे पैसे कोन मागते?"

मी त्याचा शब्द मानला नाही, पुरावा मागितला. त्याने एक स्वस्तातला फोन सिमशिवाय हातात दिला आणि मी तो घेऊन रस्त्याच्या मध्यभागी, उघड्या आकाशाखाली उभा राहिलो. बैलवाले हसत वळसा घालून गेले. काही मिनिटांनी पडद्यावर निळा ठिपका आला, म्हणजे पहिले उत्तर खरे होते. पण मी जागेवर फिरलो तरी ठिपक्याचे तोंड फिरेना, होकायंत्र नव्हतेच. हा फोन चालत्या माणसाला दिशा दाखवतो, उभ्या माणसाला नाही. आणि वाट चुकलेला माणूस आधी उभाच राहतो. मी तो परत केला. दुसरा फोन थोडा महाग होता, पण मी फिरलो तसा त्याचा बाण फिरला. तो घेतला.

दुकानदाराने आपल्या दुकानाच्या इंटरनेटवरून गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा त्यात भरून दिला. नदी निळी, जंगल हिरवे, वाट सांगणारा बाईचा आवाज मराठीत. अपिलासोबतच्या मोजणीच्या कागदावरचे अक्षांश-रेखांश मी वाचून दाखवले आणि त्याने बाईच्या बांधीवर एक लाल खूण रोवली. मग मी बिल उलटे करून त्याच्यापुढे ठेवले व म्हणालो, लिहून दे. त्याने विनातक्रार लिहिले : 'या फोनमधला नकाशा रिचार्ज आणि इंटरनेटशिवाय चालेल. महिन्याचे पैसे लागणार नाही.' खाली सही, दुकानाचा शिक्का.

ते बिल माझ्यासमोर आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर मुदत वाचली. आणि या कागदावर मुदतीचा रकानाच नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही. किती दिवस चालेल, हा प्रश्न मी विचारला नाही. त्याला उत्तर ठाऊक होते आणि त्याने ते सांगितले नाही.

पुढचे चार आठवडे फोन उत्तम चालला, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. मी सिम काढून ठेवले होते. हेमलकशाच्या रस्त्यावर, बसच्या खिडकीशी बसून, ठिपका नदीवरच्या पुलावर बरोबर पुलाच्याच वेळी येतो हे पाहताना मला जो आनंद झाला तो या वयाला शोभणारा नव्हता. शेजारच्या प्रवाशाला मी दोन वेळा दाखवले. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटून घेतले.

त्याच आनंदात मी पाड्यावर निरोप धाडला, की घटस्थापनेला मला घ्यायला कोणी येऊ नये. माझ्याजवळ आता वाट दाखवणारा फोन आहे. सर्वांनी जागेवर थांबावे, दगडाभोवतीचे गवत काढावे आणि पंच म्हणून हजर राहावे. पथकाच्या कार्यालयालाही मी पोचपावतीसह कळवले, की प्रतिनिधी स्वतंत्रपणे जागेवर पोहोचेल.

त्या दिवशी सकाळी मी डांबरी रस्त्यावर बसमधून उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते. पायवाटेने चालत अकराला फाट्यावर पोहोचलो.

या फाट्यावर काय होते, हे नीट सांगतो. या जंगलात पुढे गेलेला माणूस मागून येणाऱ्यासाठी खूण ठेवतो. ज्या वाटेने जायचे नाही, तिच्यावर ओली डहाळी तोडून आडवी टाकतो. जी वाट मोकळी, ती आपली. लग्नाची वरात असो, बाजारातून परतणारी बाया-माणसे असोत की प्रेतयात्रा, ही खूण सर्वांना कळते. बेलिफाच्या नोकरीत पहिल्या आठवड्यात मला ही खूण शिकवली गेली आणि नंतर तीस वर्षे मी तिच्याच भरवशावर चाललो.

डाव्या वाटेवर मोहाची ताजी डहाळी आडवी पडली होती. पाने अजून कोमेजली नव्हती. मी नको म्हणालो होतो, तरी बाईच्या दिराने पहाटे येऊन ती ठेवली होती.

फोनने मात्र डावीकडे जा म्हटले. पडद्यावर डावीकडे स्पष्ट रेघ होती, ती थेट लाल खुणेच्या दिशेने जात होती. उजवीकडे काहीच नव्हते. नकाशाच्या मते तिथे वाट नव्हतीच. मी दोन्हींकडे पाहिले. डहाळी जुनी असेल, गुराख्याने टाकली असेल, असे मनाला सांगितले. तुटल्या टोकातून चीक निथळत असताना सांगितले. मग ती डहाळी उचलली आणि वाट मोकळी करून बाजूला फेकली. ती कुठे पडली, मागे वळून पाहिले नाही. आवाज म्हणाला, सरळ चला. मी सरळ चाललो.

ती रेघ म्हणजे लाकूडतोडीसाठी पूर्वी काढलेला आणि नंतर सोडून दिलेला रस्ता होता. बांबू दोन्ही बाजूंनी आत आला होता. साडेअकराला पडदा पांढरा झाला. नदी गेली, जंगल गेले, माझा ठिपका गेला, बाईची लाल खूण गेली. मधोमध एक चौकट उरली. तुमचे तीस दिवस पूर्ण झाले आहेत. साठवलेला नकाशा पुढे वापरण्यासाठी मासिक योजना निवडा. खाली हिरवे बटण.

मी ते दाबले. होय, ज्याने तीन पत्रे लिहिली त्या मी ते दाबले, कारण बारा वाजायला अर्धा तास होता. तेव्हा दुसरी चौकट आली : इंटरनेट उपलब्ध नाही, कृपया नंतर प्रयत्न करा.

इंटरनेट नसेल तिथे चालावा म्हणून घेतलेला नकाशा इंटरनेट नाही म्हणून बंद राहिला. नकाशा फोनमध्येच होता. त्याचे ओझे मी खिशात वाहत होतो. उपग्रह डोक्यावर होते. फक्त मला पाहू दिले जात नव्हते. जप्तीच्या कामात मी अनेक दारांना सील लावले आहे. पण आत माणूस उभा असताना बाहेरून सील लावण्याचा हुकूम मला कोणत्याही न्यायाधीशाने कधी दिला नाही.

मागे फिरलो असतो तर थोड्याच उशिराने पोहोचलो असतो. पण लाल खूण उजवीकडे वर होती एवढे आठवत होते, म्हणून मी बांबूतून आडवा निघालो, नाल्याने अडलो, नाल्याच्या काठाने चालत राहिलो. मध्येच खूप लांबून माणसांचे बोलणे ऐकू आल्यासारखे वाटले. मी हाक दिली, ती पाण्याच्या आवाजात गेली. त्यानंतर बऱ्याच वेळाने डांबरी रस्त्याच्या बाजूने गाडीचा हॉर्न ऐकला. शेवटी गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांच्या आवाजावर चालत मी बांधीवर पोहोचलो तेव्हा तीन वाजत आले होते.

दगडाभोवतीचे गवत काढून जागा शेणाने सारवली होती. दगडाला हळद लावली होती. पळसाच्या पानांच्या पत्रावळी मांडलेल्या होत्या, भाताचे भांडे झाकलेले होते. साहेब लोक जेवून जातील, अशी तयारी. पाड्यावरची माणसे धुऱ्यावर ओळीने बसली होती आणि पथक आले नव्हते.

बाईने मला आधी पाणी दिले. माझी पिंढरी काट्यांनी फाटली होती, ती तिने पाहिली. मग विचारले, "भाऊ, डहाळी नाई दिसली का?"

मी म्हणालो, "दिसली."

ती म्हणाली, "मंग?"

मी फोन पुढे केला. तिने त्या पांढऱ्या चौकटीकडे एकदा पाहिले आणि भात वाढायला उठली.

दुसऱ्या दिवशी बाईचा दीर फाट्यावर जाऊन आला. तो जेमतेम बोलणारा माणूस आहे. त्याने सांगितले की डहाळी उजव्या वाटेवर आडवी पडली आहे आणि बुटांचे ठसे डावीकडे गेले आहेत. चार माणसांचे, जाताना आणि येताना. एवढेच. कोणी टाकली, हे त्याने विचारले नाही.

मी फेकलेली डहाळी उजव्या वाटेवर पडली होती. पथकासोबतच्या वनरक्षकाला खूण ठाऊक होती, या जंगलात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला असते. त्याने नियमाप्रमाणे उजवी वाट बंद मानली आणि साहेबांना डावीकडे, माझ्याच मागे, त्या मेलेल्या रस्त्याने नाल्यापर्यंत नेले. तिथे ना शेत, ना दगड, ना दावेदार. मला ऐकू आलेले बोलणे त्यांचे होते. अहवालात त्यांनी लिहिले, की दर्शवलेल्या मार्गाने गेले असता जागा मिळून आली नाही. दावेदार व प्रतिनिधी हजर नव्हते. त्यांनी खोटे लिहिलेले नाही. मी त्यांना दोष देऊ शकत नाही, आणि दिला असता तर मला बरे वाटले असते.

मी दुकानात गेलो. बिल उलटे करून त्याच्यापुढे ठेवले. त्याने आपलेच अक्षर परक्याचे असल्यासारखे वाचले.

"फोन तं चालून राह्यला ना, काकाजी? नकाशा कंपनीचा हाय. मी थोडाच बनवला."

तीस दिवसांचे तुला ठाऊक होते काय, असे मी विचारले. त्याने काचेवरची धूळ बोटाने पुसली. ठाऊक होते. तो नकाशा भरून दिला की कंपनीकडून त्याला काहीतरी मिळते, हेही तो बोलून गेला. मग, मला समजावण्यासाठी, त्याने जे सांगितले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"फुकटवाला बी येते, काकाजी. लोकं मिळून बनवतात तो. कायमचा राह्यते. पर तो दिसाले साधा, त्यात बाईचा आवाज बी नाई. मले वाटलं, तुमाले चांगला द्यावं."

म्हणजे होता. त्याच फोनवर, त्याच दिवशी, त्याच इंटरनेटवर, कोणत्याही मुदतीशिवाय चालणारा नकाशा उपलब्ध होता. आणि ज्याचा अर्ज मी लिहिला त्याने माझ्या हातात दुसरा ठेवला. मी त्याला तो साधा नकाशा त्याच्यासमोर भरायला लावला. आज तोच चालतो आहे. सिम नाही, रिचार्ज नाही. त्यातही उजवी वाट नव्हती. मी दिरासोबत चालत जाऊन ती काढून घेतली आणि नकाशात नोंदवली. फाट्यावर पोहोचलो की मात्र मी फोन खिशात ठेवतो आणि जमिनीकडे पाहतो.

कोजागिरीनंतर पाड्यावर ग्रामसभा भरली. अपिलाचे पुढे काय, एवढाच विषय होता. वरच्या तिसऱ्या नोंदीतला राखून ठेवलेला रकाना मी तिथे भरला. मी उभा राहिलो आणि सांगितले, की डहाळी मी पाहिली होती, ओळखली होती, आणि मीच उचलून फेकली. पथक माझ्यामुळे चुकले. जबाबदार : मी. कोणी विचारले नव्हते. एका म्हाताऱ्याने एवढेच म्हटले, की डहाळी उचलणारा माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता, आज पाहिला. माणसे हसली, आणि ते हसणे मी घेतले.

मग बाई उठली. ती सभेत सहसा बोलत नाही.

"भाऊ इथी उभे राहून बोलले," ती म्हणाली. "आता दुकानवाल्याले बोलवा. त्यानं बी इथीच बोलावं."

ग्रामसभेने तसा ठराव केला. मी तो लिहिला, बाईने अंगठा लावला. फेरपाहणीचा दुसरा अर्ज माझ्या कबुलीच्या प्रतिज्ञापत्रासह दाखल आहे. त्यावर हुकूम झालेला नाही. धान कापणीला आले आहे. दगडावरची हळद पावसाने गेली, ती तिने पुन्हा लावली आहे. ठरावाची प्रत दुकानदाराला मी स्वतः नेऊन दिली, जुन्या सवयीने पोच घेऊन. कंपनीला ती फोनमधल्या चौकटीतून पाठवावी लागली. आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात, असे उत्तर तत्काळ आले.

बंद खोलीतले उत्तर मला नको, आणि त्या चौकटीतले तर नकोच. मी जे केले ते सर्वांसमोर सांगितले आहे. आता दुकानदाराने आणि त्या कंपनीच्या जबाबदार माणसाने पाड्याच्या पुढच्या ग्रामसभेत, त्या बाईच्या समोर उभे राहून दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. तीस दिवस हे शब्द ठाऊक असताना ते बिलाच्या पाठीवर का लिहिले नाहीत? आणि जिथे पैसे भरण्याची सोयच नाही, अशा जंगलात चालत्या माणसाच्या हातातला नकाशा कोणत्या अधिकाराने बंद केला? मोहाच्या झाडाखाली जागा ठेवली आहे. वाट विचारावी लागणार नाही. फाट्यावर डहाळी असेल.